रंगाची बादली: वजन, कडी, झाकण आणि भंगार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांच्या रंगकामाचे ठेके घेणारे, स्वतः रोलर चालवणारे पेंटर, रंगाचे दुकानदार आणि गृहनिर्माण संस्थांचे सचिव यांच्याकडून रंगाच्या बादल्या व डब्यांविषयी जे प्रश्न सतत येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. बादली हाताला सोसवणारी असणे आणि पर्यावरणाला सोसवणारी असणे हे दोन वेगळे विषय मानले जातात, पण कामाच्या जागी ते एकच ठरतात. जी बादली जिन्यात निसटते किंवा जिचे झाकण पहिल्याच दिवशी चिरते, ती पुन्हा कशालाच उपयोगी पडत नाही.

१. २० लिटरची बादली म्हणजे २० किलोच ना?

नाही. २० किलो पाण्याचे होतील. इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या भिंतीच्या रंगात, टायटॅनियम डायऑक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती अशी जड भुकटी असते, त्यामुळे एक लिटर रंगाचे वजन साधारणपणे १.३ ते १.५ किलो भरते. म्हणजे २० लिटर रंग २६ ते ३० किलोंचा झाला आणि त्यात बादलीचा सुमारे एक किलो मिळवायचा. डिस्टेंपर मात्र किलोवर विकला जातो, म्हणून दोन बादल्या शेजारीशेजारी सारख्या दिसल्या तरी उचलताना वेगळ्या लागतात. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या वजन उचलण्याच्या सूत्रात सर्वोत्तम परिस्थितीतही २३ किलो हीच कमाल मर्यादा धरली आहे. सर्वोत्तम परिस्थिती म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, दोन्ही हातांत, आणि तेही क्वचित उचलायचे. जिना चढत एका हाताने बादली नेणे या सूत्राच्या कक्षेतच येत नाही; ते याहून अवघड काम आहे.

२. इमल्शन प्लास्टिकच्या बादलीत आणि ऑइल पेंट टिनच्या डब्यात, असे का?

इमल्शनमध्ये पाणी असते. पत्र्याच्या डब्याला आतून संरक्षक लेप नसेल किंवा तो कुठे खरवडला गेला असेल, तर पाणी पत्र्याला गाठते, गंज धरतो आणि पांढऱ्या रंगात तांबूस ठिपके उतरतात. बादलीच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिप्रोपिलीनला, गंजाची भीती नाही. ऑइल पेंटचे गणित उलट आहे. त्यातील टर्पेंटाइनसारखे द्रावक पॉलिप्रोपिलीनमध्ये हळूहळू मुरतात, प्लास्टिक फुगते व मऊ पडते आणि वाफ बाहेर झिरपू लागली की डब्याच्या बाजू आत ओढल्या जातात. शिवाय द्रावक ज्वलनशील असल्याने दाबून बसणाऱ्या झाकणाचा धातूचा डबाच अधिक सुरक्षित ठरतो. त्यामुळे ‘सगळेच टिनमध्ये द्या’ किंवा ‘सगळेच प्लास्टिकमध्ये द्या’ या दोन्ही मागण्या रंगाच्या स्वभावाशी जुळत नाहीत.

३. टिन पुन्हा वितळवता येते, मग ते प्लास्टिकपेक्षा चांगलेच नाही का?

टिनचा डबा मुळात पोलादी पत्र्याचा असतो, म्हणून भंगारात त्याला एक मोठा लाभ आहे: लोहचुंबकाने तो वेगळा निघतो आणि पोलाद पुनःपुन्हा वितळवता येते. पण एकदा झाकण वाकले की टिनचा डबा पुन्हा बंद होत नाही आणि गंजला की हात कापतो, म्हणून वस्तू म्हणून त्याचे दुसरे आयुष्य फारसे नसते. प्लास्टिकची बादली वितळवल्यावर तिचा दर्जा थोडा घसरतो, पण वितळण्याआधी ती अनेक वर्षे बादली म्हणून वापरात राहू शकते. माझ्या मते इमल्शनसाठी पॉलिप्रोपिलीनची, एकाच पदार्थाची आणि धुऊन परत वापरता येईल अशी बादली हीच योग्य निवड आहे. अट एवढीच, की ती खरोखर धुतली गेली पाहिजे (प्रश्न ९ पाहा).

४. २० लिटरची एक घ्यावी की १० लिटरच्या दोन? दोन घेतल्या तर प्लास्टिक जास्त लागत नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

प्लास्टिक जास्त लागते, हे खरे आहे. आकार तोच ठेवून आकारमान निम्मे केले की पृष्ठभाग निम्मा होत नाही, त्यापेक्षा कमी घटतो. हिशेब केला तर १० लिटरच्या दोन बादल्यांचा पृष्ठभाग २० लिटरच्या एकीपेक्षा सुमारे २६ टक्के जास्त भरतो. मात्र लहान बादलीवर आतल्या रंगाचा भार कमी असल्यामुळे तिची भिंत थोडी पातळ चालते, म्हणून प्रत्यक्ष वजनातला फरक याहून कमी राहतो.

आता दुसरी बाजू. १० लिटरची बादली १४ ते १६ किलोंची असते. सपाट जागेवर दोन हातांत दोन घेतल्या तर एकूण भार तेवढाच राहतो, पण पाठीचा कणा सरळ राहतो; २० लिटरची एक बादली एका हातात घेतली की अंग एका बाजूला झुकते आणि सगळा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. जिन्यात तर एकावेळी एकच १० लिटरची बादली न्यावी आणि दुसरा हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. फेऱ्या वाढतात, पण पेंटरची कमर एकदा गेली की दिवाळीआधीचा संपूर्ण हंगाम जातो, आणि त्या हंगामावर अनेक घरांचे वर्ष चालते.

गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर माल चढवताना दुसऱ्या वळणावर २० लिटरच्या बादलीच्या कडीचा कान उपटून निघालेला मी पाहिला आहे. बादली चार पायऱ्या खाली गेली, झाकण उडाले आणि निम्म्याहून अधिक रंग लाकडी जिन्यावर पसरला. तो धुवायला जे पाणी लागले आणि जो रंग गटारात गेला, त्यापुढे एका जास्तीच्या बादलीचे प्लास्टिक किरकोळ होते. म्हणून माझा सल्ला असा: लिफ्ट असेल किंवा काम तळमजल्यावर असेल तर २० लिटर घ्यावे, लिफ्ट नसेल आणि पहिल्या मजल्याच्या वर जायचे असेल तर १० लिटरच घ्यावे. लहानशा खोलीसाठी ४ लिटरचे डबे पुरतात, पण मोठ्या कामाला चार-चार लिटरचे पाच डबे घेणे ना खिशाला परवडते ना कचऱ्याला. वेष्टनावर छापलेली प्रति लिटर किंमत ताडून पाहावी, म्हणजे फरक लगेच कळतो.

५. कडी हाताला काचते. चांगली कडी कशी ओळखावी?

उघड्या तारेची जाडी साधारण ४ मिलिमीटर असते. तळहाताची रुंदी ८ सेंटिमीटर धरली तर २८ किलोंचा भार सव्वातीन चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी जागेवर येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ पावणेनऊ किलो. त्याच तारेवर २५ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची मूठ चढवली की हा दाब सहापटीने उतरतो. दोन मजले चढून आलेल्या माणसाचा तळहात उघडून पाहावा: बोटांच्या मुळाशी पांढरी पडलेली आडवी रेघ दिसते, ती रक्त थांबल्याची खूण आहे आणि पुढची काही मिनिटे त्या हातात ब्रश स्थिर राहत नाही.

खरेदी करताना तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. मूठ तारेवर मोकळी फिरली पाहिजे, कारण बादली हेलकावली की घट्ट मूठ कातडी ओढते. कडीचे कान बादलीच्या भिंतीतूनच घडवलेले आणि मागून फासळ्यांनी पेललेले असावेत. आणि तळाशी बोटे शिरतील अशी खाच किंवा कडा असावी, कारण रंग ओतताना एक हात तळाला लागतोच. गुळगुळीत तळाची बादली ओल्या हातातून निसटते. कडी पूर्णपणे प्लास्टिकची असेल तर भंगारात धातू वेगळा काढावा लागत नाही, पण उन्हात ठेवलेल्या मालात अशी कडी ताणली जाते, म्हणून २० लिटरला मी तारेचीच कडी पसंत करतो.

६. झाकण उघडताना चिरते आणि मग रंग सुकतो. काय करावे?

बहुतेक झाकणांच्या कडेला तोडून काढायची पट्टी असते. माल आधी उघडलेला नाही याची ती खूण असते. ती पूर्ण गोल काढल्याशिवाय झाकण उचकटू नये. पेंटर घाईत पट्टी अर्धी सोडून पुट्टीची पात खुपसतात आणि तिथेच कडा चिरते. पट्टी काढल्यावर झाकण एकाच जागी जोर न देता, चार ठिकाणी थोडे थोडे उचलावे. बंद करताना आधी कडेची खाच ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिथे सुकलेला रंग साचला की झाकण कधीच बसत नाही. हातोडीऐवजी लाकडाची पट्टी झाकणावर आडवी ठेवून दाबावे. दुकानात यंत्रावर शेड बनवून घेतलेल्या बादलीच्या झाकणात रंगद्रव्य सोडण्यासाठी भोक असू शकते. त्याचे बूच नीट बसले आहे की नाही, हे दुकानातून निघण्यापूर्वीच पाहावे.

७. चौकोनी डबे जास्त सोयीचे असतात का?

साठवणुकीला व वाहतुकीला होय, कारण गोल बादल्या एका रांगेत मांडल्या की त्यांच्यामध्ये सुमारे एकवीस टक्के जागा रिकामी राहते. टेम्पोत तेवढी हवाच वाहून न्यावी लागते. पण चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात रंग अडकतो आणि १० लिटरच्या पुढे भिंती फुगतात. गोल बादलीत ढवळणी सर्वत्र पोहोचते. ४ लिटरपर्यंत चौकोनी, त्यापुढे गोल, असे माझे मत आहे.

८. पुनर्चक्रित प्लास्टिकची बादली कमजोर असते का? कायदा काय सांगतो?

पुनर्चक्रित माल किती शुद्ध आहे, यावर सगळे अवलंबून आहे. वितळवताना पॉलिप्रोपिलीनच्या साखळ्या तुटतात आणि त्यात पॉलिथिनचा अंश मिसळलेला असेल तर बादली पडल्यावर तडकते. चांगला उत्पादक हे जाणून पडण्याची व थप्पीची चाचणी घेतो आणि आघात सहन करणारे कोरे प्लास्टिक योग्य प्रमाणात मिसळतो. रंग थोडा करडा किंवा काळा असणे हा दोष नव्हे. पांढऱ्या बादलीचा हट्ट ग्राहकाने सोडला, तर पुनर्चक्रित प्लास्टिक वापरणे पुष्कळ सोपे होईल.

कायद्याचे म्हणाल तर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने त्यांना उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या वेष्टनाचा कचराही उत्पादकानेच सांभाळण्याची, मार्गदर्शक तत्त्वे जोडली. रंगाची बादली त्यातील पहिल्या प्रवर्गात, म्हणजे कडक प्लास्टिकच्या वेष्टनात मोडते. या प्रवर्गात पुनर्चक्रित प्लास्टिकचा अंश २०२५–२६ मध्ये ३० टक्क्यांपासून सुरू करून २०२८–२९ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत नेण्याचे लक्ष्य त्या तत्त्वांत दिले आहे. ही जबाबदारी ज्याच्या नावाने माल विकला जातो त्या कंपनीची आहे, पेंटरची किंवा सोसायटीची नाही.

९. रिकामी बादली कमीत कमी पाण्यात कशी साफ करावी?

आधी रंग काढून घ्यावा, मग पाण्याचा विचार करावा. २० लिटरच्या बादलीच्या आतल्या भिंतींवर व तळाला अर्धा मिलिमीटर जाडीचा थर जरी राहिला, तरी तो सुमारे १७० मिलिलिटर रंग असतो. रबरी पट्टीने तो तळाशी ओढून घेतला तर एखादा दरवाजामागचा कोपरा त्यात रंगून होतो.

त्यानंतर बादली न धुता, उघडी, सावलीत आडवी ठेवावी. पॉलिप्रोपिलीनला इमल्शन घट्ट चिकटत नाही, त्यामुळे पातळ थर एकदोन दिवसांत सुकला की कडेला नखाने उचलावा; उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा तो लांबच लांब सोलून येतो आणि खाली स्वच्छ प्लास्टिक उरते. हे जमण्यासाठी थर पातळ हवा. तळाशी बोटभर रंग ठेवून सुकवला तर वरून साय धरते आणि आत आठवडाभर ओलाच राहतो. सोललेली सालपटे सुक्या कचऱ्यात टाकावीत. ब्रश-रोलर धुतलेले पाणी पावसाच्या गटारात किंवा झाडाच्या अळ्यात ओतू नये. ते एका बादलीत रात्रभर निवळू द्यावे, वरचे पाणी पुढच्या धुण्याला वापरावे आणि खालचा गाळ सुकवून टाकावा.

१०. साफ केलेली बादली घरात पाण्याला किंवा धान्याला चालेल का?

पिण्याच्या पाण्याला व धान्याला नको. पाण्यात कालवलेला रंग सडू नये म्हणून त्यात जंतुरोधक द्रव्ये घातलेली असतात, आणि बादलीचे प्लास्टिक खाद्यपदार्थांसाठी तपासलेले नसते. पुनर्चक्रित असेल तर मुळीच नसते. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत रंगाच्या बादल्या घेऊन उभी असलेली माणसे पाहिली की जीव तुटतो, कारण तिथे हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण असते. निदान ते पाणी धुण्याभांड्याला वापरावे आणि पिण्याचे पाणी हंड्यातच भरावे. बांधकामावर वाळू-सिमेंट वाहणे, फरशी पुसणे, अंगणातली रोपे, ओला कचरा कुजवणे, या सर्व कामांना बादली उत्तम आहे.

एक धोका गांभीर्याने सांगितला पाहिजे. २० लिटरची उभट बादली पाण्याने अर्धी भरलेली असली तरी रांगणाऱ्या किंवा नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या मुलासाठी जीवघेणी ठरू शकते. या वयात डोके जड असते; मूल वाकून आत पडले की बादली उलटत नाही आणि त्याला बाहेर येता येत नाही. घरात लहान मूल असेल तर अशी बादली रिकामी आणि पालथीच ठेवावी.

११. भंगारवाला बादली घेतो, पण भाव देत नाही. का?

आपल्याकडे छाटणी हाताने होते. भंगारवाला तळाचा त्रिकोण आणि त्यातला ५ हा आकडा पाहतो, किंवा तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का ते बघतो. पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते. आत रंगाचा जाड थर असेल तर वजन फुकटचे वाढते आणि दळताना माल बिघडतो, म्हणून तो भाव पाडतो. सोललेली, कडीची तार काढलेली आणि एकात एक रचलेली चळत दिली तर बोलणी वेगळी होतात. लेबल कशाचे आहे, यालाही महत्त्व आहे. साच्यातच बसवलेले पॉलिप्रोपिलीनचे लेबल बादलीबरोबर वितळते, तर चिकटवलेला कागद धुऊन काढावा लागतो. पेंटरसाठी बक्षीस म्हणून कंपनीने आत टाकलेले टोकन रंगात बुडून बादलीतच राहिलेले असेल, तर तेही आधी काढून घ्यावे.

१२. ऑइल पेंट आणि थिनरच्या डब्यांनाही हेच लागू होते का?

नाही, हा मोठा अपवाद आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या करताना टाकून दिलेल्या रंगाच्या डब्यांचा नावाने उल्लेख केला होता. ऑइल पेंटचा डबा उघडा, हवेशीर जागी, ठिणगीपासून दूर पूर्ण कोरडा करावा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावा. थिनरचा रिकामा डबा गॅसकटरने कापू नये किंवा वेल्ड करू नये. आतली वाफ स्फोट घडवते. खूप जुना, २०१७ च्या आधीचा ऑइल पेंट सापडला तर तो वापरूच नये. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात शिसे किती, हे घरी कळत नाही.

१३. पाउच, खोक्यातली पिशवी किंवा पावडर रंग हे चांगले पर्याय नाहीत का?

पावडरची कल्पना नवी नाही. चुना आणि सुका डिस्टेंपर आपल्याकडे भुकटीतच येत असे आणि पाणी कामाच्या जागी मिसळले जाई. वाहतुकीचे वजन वाचते हे खरे, पण भुकटी कालवताना धूळ उडते आणि शेड दरवेळी सारखी येत नाही. पाउच हलका असतो, त्याचे प्लास्टिक फार थोडे असते, मात्र तो अनेक थरांचा असेल तर भंगारात त्याला गिऱ्हाईक नाही. खोक्यातल्या पिशवीत पुठ्ठा वेगळा निघतो आणि पिशवी पिळता येते, पण आपल्या पावसाळ्यात ओल धरलेल्या गोदामात पुठ्ठ्याचा भरवसा धरता येत नाही. बादलीत घालायचे पातळ अस्तर मला यांपेक्षा उपयोगी वाटते: रंग संपला की अस्तर निघते आणि बादली कोरी राहते.

१४. ‘जैवविघटनशील बादली’ असा दावा दिसला. विश्वास ठेवावा का?

ओल्या रंगाने भरून गोदामात महिनोन् महिने उभी राहायची वस्तू आणि सहज कुजणारी वस्तू, हे एकत्र जमणे कठीण आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते दाखवायला सांगावे. प्रमाणपत्र असले तरी अशी बादली पॉलिप्रोपिलीनच्या भंगारात मिसळली तर तो सगळा माल बिघडतो.

१५. तीच बादली कंपनीकडे परत जाऊन भरली जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि मोठ्या बादल्यांचे भवितव्य यातच आहे असे मला वाटते. प्रश्न ८ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी ४.९ लिटर किंवा त्याहून मोठ्या कडक वेष्टनांच्या पुनर्वापराचे लक्ष्य २०२५–२६ साठी ७० टक्के आणि २०२८–२९ साठी ८५ टक्के ठेवले, ०.९ ते ४.९ लिटरच्या डब्यांसाठी ते १० ते २५ टक्के इतके कमी आहे. यामुळेही १० व २० लिटरच्या बादल्यांची घडण महत्त्वाची ठरते. अडचणी खऱ्या आहेत: आत जुन्या रंगाचा कण राहिला तर नवीन रंगात गुठळी होते, लेबलवर बॅच, तारीख व किंमत नव्याने छापावी लागते, आणि तुटलेल्या झाकणाची बादली परत घेता येत नाही. पांढरा प्रायमर आणि बेस (शेड मिसळण्याआधीचा मूळ रंग) यांपासून सुरुवात केली तर शेडचा गोंधळ टळेल. एकाच कॉम्प्लेक्सचे मोठे काम घेतलेल्या ठेकेदाराने माल मागवतानाच रिकाम्या बादल्या त्याच टेम्पोने परत नेण्याची अट घालावी, कारण रिकाम्या बादल्या एकात एक बसतात आणि टेम्पो तसाही रिकामाच परततो.

१६. उरलेला अर्धा रंग त्याच बादलीत ठेवावा का?

ठेवू नये. बादलीत हवा जितकी जास्त, तितकी साय लवकर धरते. रंग ४ किंवा १ लिटरच्या स्वच्छ डब्यात काठोकाठ ओतावा, झाकणावर शेडचा क्रमांक, खोलीचे नाव आणि तारीख लिहावी आणि डबा उन्हापासून दूर ठेवावा. उघडल्यावर आंबूस वास आला तर रंगात जंतू झाले आहेत. तो भिंतीला लावू नये. पाणी घालून पातळ केलेला रंग साठवणीला टिकत नाही, कारण त्यातील जंतुरोधकही पातळ झालेले असते. असा रंग त्याच दिवशी संपवावा.

१७. परांचीवर २० लिटरची बादली ठेवली तर काय बिघडते?

फळीच्या कडेला तीस किलोंचा गोल तळ असतो आणि शेजारी माणूस फिरत असतो. पाय लागला की बादली खाली उभ्या असलेल्या माणसावर जाते. वर न्यायला ४–५ लिटरची कामाची बादली, जाळी लावलेली आणि कडी दोरीने बांधलेली अशी घ्यावी, आणि मोठी बादली जमिनीवरच ठेवावी. शिडीवर उभे राहून २० लिटरमधून ओतणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. रिकामी मोठी बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहण्याची सवय तर सर्रास दिसते. तिचा तळ वरून भार घेण्यासाठी घडवलेला नसतो, आणि उन्हाने जुनी झालेली बादली आगाऊ सूचना न देता फुटते. हात छताला पोहोचत नसेल तर घोडी मागवावी किंवा रोलरला लांब दांडा जोडावा.